मोळी कोणाचीही, गव्हाण तीच

सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून सुरू होतो. गव्हाण म्हणजे ऊस ज्या सरकत्या पट्ट्यावर पडून चरकाकडे जातो ती लांबट, खोलगट जागा, आणि मोळी म्हणजे बांधलेल्या उसाचा भारा. हा मान त्या वर्षी ज्या पुढाऱ्याशी कारखान्याचे सूत जुळलेले असते त्याला मिळतो. त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्याच्या राजकारणाचा पद्धतशीर अभ्यास करू इच्छिणाऱ्याने पक्षांच्या घटना आणि जाहीरनामे वाचण्यात वेळ घालवण्यापेक्षा मोळी टाकतानाची जुनी छायाचित्रे सनावळीनुसार लावावीत, हे अधिक फलदायी ठरते. या छायाचित्रांत पाहुण्याच्या गळ्यातील उपरण्याचा रंग दर काही वर्षांनी बदलतो, मात्र यजमान आणि गव्हाण यांत फरक पडलेला दिसत नाही.

पक्षांतराच्या या शास्त्राच्या अभ्यासासाठी शेवगाव विधानसभा मतदारसंघाइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. २००८ च्या पुनर्रचनेत पाथर्डी हा स्वतंत्र मतदारसंघ संपुष्टात आला आणि त्या तालुक्याचा मोठा भाग शेवगावला जोडला गेला. त्यामुळे पूर्वी दोन मतदारसंघांत ऐसपैस वावरणारी तीन घराणी एकाच जागेसाठी समोरासमोर आली. त्यांपैकी घुले घराण्याचे अधिष्ठान भेंडे येथील ज्ञानेश्वर कारखाना, राजळे घराण्याचे आदिनाथनगर येथील वृद्धेश्वर कारखाना आणि ढाकणे घराण्याचे बोधेगाव येथील केदारेश्वर कारखाना. तीन कारखाने आणि एक आमदारकी असे हे गणित असून, ते कोणत्याही निवडणुकीत पूर्ण सुटत नाही. दोन कारखाने नेहमी बाकी उरतात, आणि त्या बाकीचे काय करायचे या प्रश्नालाच जिल्ह्यात राजकारण म्हणतात.

या भूमीला तहाची परंपरा जुनी आहे. पालखेडच्या मोहिमेत निजामउल्मुल्काला पाण्यावाचून कोंडीत पकडल्यानंतर पहिल्या बाजीरावाने त्याच्याशी जो तह केला तो ६ मार्च १७२८ रोजी झाला आणि इतिहासात मुंगी-शेवगावचा तह म्हणून नोंदला गेला. या तहान्वये निजामाने शाहू महाराजांचा चौथाई व सरदेशमुखीचा हक्क मान्य केला. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे त्यावर आणखी दहावा. तहाला तीन वर्षे झाली न झाली तोच निजामाने सेनापती दाभाडे यांच्याशी बाजीरावाविरुद्ध संधान बांधले. त्या काळी निजामाच्या पदरी चंद्रसेन जाधवांसारखे मराठे सरदारही होते, आणि हे चंद्रसेन तर शाहू महाराजांचे सेनापती धनाजी जाधव यांचे चिरंजीव व स्वतःही काही काळ त्याच पदावर राहिलेले. म्हणजे घर तेच, छावणी वेगळी, आणि तह पुढील मोहिमेपर्यंत टिकणारा, ही तिन्ही लक्षणे पक्षपद्धती जन्माला येण्यापूर्वीच या परिसरात प्रकट झालेली होती. तेव्हा शेवगावच्या आधुनिक पुढाऱ्यांवर पक्षांतराचा ठपका ठेवणारे टीकाकार इतिहासाबाबत किंचित अन्याय करतात, असेच म्हणावे लागते.

आधुनिक काळातील सर्वांत अभ्यसनीय कारकीर्द दिवंगत राजीव राजळे यांची. वडील अप्पासाहेब राजळे माजी आमदार, मामा काँग्रेसचे बाळासाहेब थोरात, आणि स्वतःचा लौकिक अभ्यासू वक्त्याचा, अशा तिहेरी भांडवलावर ते २००४ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर पाथर्डीतून विधानसभेत गेले. २००९ मध्ये लोकसभेची नगर दक्षिणेची जागा आघाडीच्या वाटपात राष्ट्रवादी काँग्रेसकडे होती आणि तिथे शिवाजी कर्डिले उमेदवार होते. आघाडी याचा अर्थ राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एकमेकांच्या उमेदवाराला निवडून आणण्याचा करार असा दिलेला असतो. जिल्ह्यात मात्र या शब्दाचा व्यवहारातील अर्थ एकमेकांच्या उमेदवाराचा पराभव सभ्यपणे घडवून आणण्याची सोय असा आहे. त्यानुसार राजळे अपक्ष उभे राहिले, त्यांनी दीड लाखाहून अधिक मते घेतली, कर्डिले पन्नास हजारांपेक्षाही कमी मतांनी पडले आणि भाजपचे दिलीप गांधी दिल्लीला गेले. बंडखोराच्या उमेदवारीचे यश त्याच्या स्वतःच्या मतांनी न मोजता दुसऱ्याच्या पराभवाने मोजावे, हा मापनाचा नियम या निवडणुकीने पक्का केला.

यानंतर जे घडले त्याने मात्र जाणकारही चक्रावले. पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, राष्ट्रवादी काँग्रेसने त्याच जागेसाठी नेमकी राजीव राजळे यांनाच उमेदवारी दिली. ज्याच्यामुळे जागा गेली त्याच्याच हाती ती सोपवण्यामागचा विचार असा असावा की, निदान या वेळी तरी त्यांना बंडखोरी करता येणार नाही. तो विचार अचूक ठरला; राजळे यांनी बंडखोरी केली नाही, ते फक्त दोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले. १७ एप्रिलला मतदान झाले तेव्हा त्यांचे चिन्ह घड्याळ होते. १५ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान झाले तेव्हा त्यांच्या पत्नी मोनिका राजळे यांचे चिन्ह कमळ होते, आणि त्या राष्ट्रवादीचे विद्यमान आमदार चंद्रशेखर घुले यांचा पन्नास हजारांहून अधिक मतांनी पराभव करून विधानसभेत गेल्या. मधे गेलेला काळ सहा महिन्यांना दोन दिवस कमी. एप्रिलमध्ये घड्याळाचे बटण दाबण्याचे आवाहन ज्या कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन केले, त्यांतील कित्येकांनी ऑक्टोबरमध्ये त्याच दारांवर जाऊन कमळाचे महत्त्व सांगितले, आणि घरातील माणसांनीही दोन्ही वेळा तितक्याच आपुलकीने पाणी विचारले.

या सहा महिन्यांना अपवाद समजणे चूक ठरेल, कारण तो नियम आहे. २००९ मध्ये लोकसभेला राष्ट्रवादीकडून पडलेले कर्डिले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राहुरीतून भाजपचे आमदार म्हणून निवडून आले. २०१४ मध्ये राष्ट्रवादीकडून पडलेल्या राजळे यांचे घर ऑक्टोबरात भाजपमध्ये होते. २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून पडलेले संग्राम जगताप त्या वर्षी पक्षातच राहिले खरे, परंतु २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर अजित पवार यांच्यासोबत ते भाजपच्या मित्रपक्षात जाऊन पोहोचले; येथे नियम बिघडला नसून गती मंदावली एवढेच. हे जगताप कर्डिले यांचे जावई. म्हणजे २०१९ मध्ये जावई राष्ट्रवादीचा उमेदवार असताना सासरे त्याच जिल्ह्यात भाजपचे आमदार होते, आणि भाजपचे उमेदवार सुजय विखे पाटील त्याच मार्चमध्ये पक्षात आलेले. त्यांच्या प्रवेशाच्या वेळी त्यांचे वडील राधाकृष्ण विखे पाटील विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते आणि जूनमध्ये ते ज्या सरकारला विरोध करीत होते त्याच सरकारात गृहनिर्माणमंत्री झाले. तेव्हा ‘नगर दक्षिणेत राष्ट्रवादीची लोकसभेची उमेदवारी हा भाजपच्या वाटेवरील एक थांबा होय’ हा सिद्धान्त तीन सलग निवडणुकांच्या आधारावर मांडता येतो. सामाजिक शास्त्रांत इतका भक्कम पुरावा क्वचितच हाती लागतो.

या सगळ्यात कायद्याचा भंग कोणीही केलेला नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट, १९८५ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. मात्र हा कायदा सभागृहात बसलेल्या सदस्याला लागू होतो, पडलेल्याला नाही. पराभूत उमेदवार हा घटनेच्या दृष्टीने पूर्णतः मुक्त नागरिक असतो. विजयी असला तरी राजीनामा देऊन त्याला मुक्त होता येते, आणि सभागृहाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीला सहा महिने मंत्री राहण्याची मुभा घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात आहेच. घटनाकारांनी हा अवधी कोणत्या हेतूने ठेवला याबद्दल मतभेद असू शकतील, पण नगरच्या नियमातही नेमके सहाच महिने यावेत हा योगायोग विद्वानांनी तपासावा असा आहे.

ढाकणे घराण्याची कथा याच आरशात उलटी दिसते. बबनराव ढाकणे यांनी १९६८ मध्ये पाथर्डीच्या प्रश्नांकडे लक्ष वेधण्यासाठी विधानसभेच्या प्रेक्षक सज्जातून पत्रके भिरकावली. पुढे ते त्याच सभागृहात विरोधी पक्षनेते झाले, १९८९ मध्ये जनता दलाकडून बीडचे खासदार झाले आणि चंद्रशेखर यांच्या सरकारात ऊर्जा खात्याचे राज्यमंत्री झाले. सज्जातून खाली सभागृहात येण्याचा हा प्रवास या लेखातील एकमेव असा आहे की ज्यात आधी प्रश्न होता आणि नंतर पद. त्यांचे पुत्र प्रताप ढाकणे २००९ मध्ये शेवगावातून भाजपचे उमेदवार होते आणि राष्ट्रवादीच्या घुले यांच्याकडून हरले. नंतर ते राष्ट्रवादीत गेले. म्हणजे २०१९ च्या विधानसभेला भाजपचे जुने उमेदवार घड्याळावर आणि राष्ट्रवादीच्या जुन्या उमेदवाराचे घर कमळावर, अशी अदलाबदल होऊन लढत झाली. मोनिका राजळे चौदा हजारांच्या आसपास मतांनी जिंकल्या. मतदारसंघात त्या निवडणुकीत वैचारिक संघर्ष झाला, असे दोन्ही पक्षांच्या पत्रकांत छापलेले आढळते.

चंद्रशेखर घुले यांनी मात्र या शास्त्राकडे दुर्लक्ष केले. ते २००९ मध्ये राष्ट्रवादीचे होते आणि २०१४ मध्येही राष्ट्रवादीचेच राहिले, आणि एकाच पक्षात इतका काळ राहणे आरोग्यास अपायकारक असते याचा प्रत्यय त्यांना क्रमाक्रमाने आला. २०१४ मध्ये ते पडले, २०१९ मध्ये पक्षाची उमेदवारी पूर्वाश्रमीच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेली, आणि मार्च २०२३ मध्ये जिल्हा सहकारी बँकेत जे घडले ते तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे.

जिल्हा बँकेचे अध्यक्षपद अनेकांना राज्यमंत्रिपदाहून मोलाचे का वाटते, हे शहरी वाचकाला सांगणे आवश्यक आहे. गावातील विविध कार्यकारी सेवा संस्था, जिला गावात नुसते ‘सोसायटी’ म्हणतात, ती शेतकऱ्याला पीककर्ज देते, आणि सोसायटीला पैसा जिल्हा बँकेकडून येतो. साखर कारखान्यालाही हंगाम सुरू होण्याआधी तोडणी-वाहतुकीची उचल वाटण्यासाठी पूर्वहंगामी कर्ज लागते आणि हंगामात पोत्यांतील साखर तारण ठेवून पैसा उचलावा लागतो. तोही बहुधा तेथूनच. त्यामुळे एका सहीवर सोसायटीचा सचिव, कारखान्याचा कार्यकारी संचालक आणि विरोधी गटाचा अध्यक्ष असे तिघेही एकाच बाकावर बसून ताटकळू शकतात, हे दृश्य मंत्रालयातही सहजासहजी पाहायला मिळत नाही. अध्यक्ष उदय शेळके यांच्या निधनानंतर रिकाम्या झालेल्या या पदासाठी महाविकास आघाडीने घुले यांचे नाव पुढे केले. संचालक मंडळात आघाडीचे स्पष्ट बहुमत असल्याचे सर्वांना ठाऊक होते. भाजपकडून अर्ज आला तो कर्डिले यांचा, म्हणजे २००९ च्या लोकसभेला राष्ट्रवादीचे जे उमेदवार होते त्यांचा. गुप्त मतदान झाले. कर्डिले यांना १० मते मिळाली, घुले यांना ९, आणि एक मत बाद ठरले.

हे बाद मत अभ्यासकाच्या दृष्टीने दहा आणि नऊ या दोन्हींपेक्षा महत्त्वाचे. वीस मतदार, दोन उमेदवार, एक कागद आणि एक खूण, इतकी ही साधी परीक्षा. आणि परीक्षार्थी असे, की ज्यांनी आयुष्यभर वाड्यावस्त्यांवरील मतदारांना खूण नेमकी कोठे करायची हे समजावून सांगितले. त्यांच्यापैकी एकाची खूण चुकावी, याचे निरक्षरता हे कारण निश्चितच नव्हे. आघाडीच्या काही जणांनी आघाडी मोडली असे मानले तर ती फूट ठरते आणि फुटीची चौकशी करता येते, परंतु चुकलेल्या खुणेची चौकशी कोणता पक्ष करणार? निष्ठा आणि सोय यांच्या नेमक्या मधोमध उभे राहण्याची जागा आजवर कोणाला सापडली नव्हती. ती या एका मतपत्रिकेवर सापडली. ती जपून ठेवली असती तर एखाद्या संग्रहालयाची शोभा वाढली असती.

या तिन्ही घराण्यांच्या हालचालींचा वेग पाहता, मतदारसंघातील पाण्याचा वेग मात्र तुलनेने कमी राहिला आहे. मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरी, नेवासा असे करीत शेवगाव-पाथर्डीकडे येतो, आणि ‘टेलला पाणी पोहोचले नाही’ हे वाक्य येथे उन्हाळ्यातील हवामानवृत्तासारखे दरवर्षी ऐकू येते. टेल म्हणजे कालव्याचे शेवटचे टोक, जेथे पाण्याआधी निवेदन पोहोचते. शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाचा फुगवटा आहे. त्या धरणाचे भूमिपूजन लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये आणि लोकार्पण इंदिरा गांधी यांनी १९७६ मध्ये केले; त्यात शेवगाव तालुक्यातील जमिनी बुडाल्या. त्याच फुगवट्यातून पंपाने पाणी उचलून कोरड्या गावांना देण्यासाठी ताजनापूर उपसा सिंचन योजना आहे, आणि तिला सर्वपक्षीय हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो, कारण पक्ष कोणताही असो, उमेदवाराच्या भाषणात ती येतेच. पुढारी पक्ष बदलताना योजना सोबत घेऊन जातो. त्यामुळे ती अपुरी राहिल्याचा दोष नेहमी तो ज्या पक्षातून निघाला त्याच्याकडे राहतो आणि पूर्ण करण्याचे श्रेय ज्या पक्षात पोहोचला त्याच्याकडे जमा होते. ही हिशेबाची पद्धत कोणत्याही सनदी लेखापालाला मान्य होणार नाही, मतदारांनी ती वर्षानुवर्षे मान्य केली आहे.

पाणी नसल्याने पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, त्यांना जी आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात, आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ असे मोजतात. माणसांची गणती हत्यारावर करणारी ही पद्धत आणि कारखान्याची गाळपक्षमता टनांवर मोजणारी पद्धत एकाच गव्हाणीपाशी येऊन मिळते. त्या गव्हाणीत पडणाऱ्या उसाला भाव किती द्यायचा, यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये शेवगाव तालुक्यात आंदोलन पेटले. केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर, ज्याला एफआरपी म्हणतात, तो किमान म्हणून ठरवून देते. शेतकऱ्यांची मागणी टनाला ३,१०० रुपयांची होती. पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी जखमी झाले. या प्रकरणात उपहासाला वाव नाही. एवढेच नमूद करावे की, उसाचा भाव ठरवताना कारखानदार कोणत्या पक्षाचा आहे हे त्या दिवशी रस्त्यावर कोणी विचारत नव्हते.

२०२४ च्या लोकसभेने पूर्वोक्त सिद्धान्ताची अडचण केली, कारण शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा उमेदवार चक्क जिंकला. नीलेश लंके यांनी निवडणुकीच्या तोंडावर अजित पवार यांचा गट आणि आमदारकी सोडून शरद पवार यांचा गट धरला, आणि सुजय विखे पाटील यांचा २८,९२९ मतांनी पराभव केला. प्रचारात लंके यांच्या इंग्रजीचा विषय निघाला होता. निवडून आल्यावर त्यांनी लोकसभेत शपथ इंग्रजीतून घेतली आणि शेवटी ‘राम कृष्ण हरी’ म्हटले, त्यामुळे टेलला पाणी कोणत्या भाषेत मागावे हा प्रश्न तरी निकाली निघाला. पेच उरला तो पराभूत पक्षाचा. राष्ट्रवादीचा पराभूत भाजपमध्ये जातो. भाजपच्या पराभूताने कोठे जावे, याची व्यवस्था नियमात नाही. सुजय विखे यांनी चाळीस मतदान केंद्रांवरील मतदान यंत्रांच्या तपासणीची मागणी केली. यंत्रांविषयीचा संशय हा तोवर विरोधी पक्षांचा राखीव प्रांत समजला जात असे, आणि पक्ष न सोडता केवळ संशयापुरते विरोधी पक्षात जाऊन येण्याचा हा प्रयोग पक्षांतराच्या शास्त्रात नवी भर घालणारा ठरला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा शेवगावात तिन्ही घराणी एकाच वेळी मैदानात उतरली. मोनिका राजळे कमळावर, प्रताप ढाकणे शरद पवारांच्या पक्षाच्या तुतारीवर, आणि पंधरा वर्षे घड्याळाशी बांधलेले चंद्रशेखर घुले अपक्ष. राजळे तिसऱ्यांदा निवडून आल्या, ढाकणे दुसरे राहिले आणि घुले तिसरे. पहिल्या दोघांमधील अंतर घुले यांना मिळालेल्या मतांपेक्षा बरेच कमी होते. २००९ च्या लोकसभेला राजीव राजळे यांनी जी भूमिका केली होती तीच या वेळी घुले यांच्या वाट्याला आली, फरक इतकाच की तेव्हा तिचा लाभ परक्या घराला झाला होता आणि आता तो राजळे यांच्याच घरात गेला. निकालाआधी तिघांच्याही समर्थकांनी गुलाल आणून ठेवलेला होता असे सांगतात. त्यांपैकी दोघांचा पुढे कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या निवडणुकांत उपयोगी पडणार, म्हणून तो कोणी टाकून दिला नाही.